पाद्रीसाहेबांचे जावई

बोलावणं आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा नियम आमच्या शेजारच्या काकांइतका कडक पाळणारा माणूस साऱ्या पुण्यात सापडायचा नाही. सदाशिव पेठेत आमची दारं समोरासमोर. आमचं दार सताड उघडं असलं, आत मी समोर दिसत असलो, तरी 'या' ऐकू आल्याखेरीज त्यांच्या पायातली चप्पल निघत नाही. वारज्याच्या पुतण्याने लग्नपत्रिका नुसती मोबाइलवर पाठवली, तर मुहूर्ताच्या दिवशी काका कोट-टोपी घालून घरातच बसून राहिले. शेवटी पुतण्या धावतपळत अक्षत घेऊन आला. काका शांतपणे उठले आणि त्यालाच म्हणाले, "तुम्हा मुलांना वेळेचं भान कसं ते नाही."

हा नियम पक्का झाला तो सासरवाडीपायी. काकू म्हणजे कॅम्पातल्या एका पाद्रीसाहेबांची धाकटी लेक. लग्न दोन्ही घरांना न विचारता झालं. पाद्रीसाहेबांनी पुढे लेकीला माफ केलं, दर नाताळला ते तिला बोलावूही लागले. जावयाला मात्र बोलावणं कधीच आलं नाही. काका स्कूटरवरून काकूंना फाटकापर्यंत सोडायचे आणि रस्त्यापलीकडे पेपर वाचत थांबायचे. काकू येताना केक आणायच्या. "केक बरा असतो," हे काकांचं सासरवाडीबद्दलचं एकमेव मत.

पाद्रीसाहेब गेले, मागोमाग काही वर्षांनी काकूही गेल्या. तो जुना बंगला आता वारसा म्हणून जतन केलाय आणि कुणालाही बघता येतो. काकूंची खोली होती तशीच ठेवलीय, हे मीच काकांना सांगितलं. ते म्हणाले, "खिडकीजवळ तिचं टेबल होतं, ती सांगायची. ते तेवढं बघायचंय."

आम्ही गेलो. काका व्हरांड्यापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले. मी तिकिटं दाखवली.

"सासरवाडीला तिकीट काढून जायचं? अहो, एवढी वेळ अजून आलेली नाही."

मागची माणसं त्यांना वळसा घालून आत जाऊ लागली. खरं सांगायचं तर मी वैतागलो होतो. तेवढ्यात तिथली देखरेख करणारी बाई दाराशी आली आणि सहज म्हणाली, "आजोबा, उन्हात का उभे? या ना आत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग गरज नसताना चपला काढल्या, केसांवरून हात फिरवला आणि ते आत गेले.

टेबल होतं, खुर्चीही होती. पुढे दोरी बांधलेली आणि तिच्यावर पाटी: 'कृपया बसू नये.'

काकांनी ती नीट वाचली. "बघा, आत या म्हणाले, पण बसा म्हणायला काही तयार नाहीत."

मला हसू आलं. काका मात्र हसले नाहीत. दोरीला हात टेकून ते बराच वेळ त्या टेबलाकडे बघत राहिले. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

"ती दर नाताळला फाटकाशी म्हणायची," ते हळू आवाजात म्हणाले, "'चला हो आत, मी बोलावतेय ना.' तिचं बोलावणं मी कधी धरलंच नाही."