पाच ट्रॅकच्या अल्बममधला सहावा

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना टाइमपास म्हणून वाचत आलोय. पिंपळाखालची बाई, बंद खोलीतली पावलं... वाचायचो आणि बायकोला वाचून दाखवून हसायचो. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. देवावरसुद्धा बेताचाच. मशीन चालवणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढलो. बिघाड झाला तर त्याला कारण असतं आणि नीट शोधलं तर ते सापडतं, एवढंच मला शिकवलं गेलं. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय, हे आधीच सांगून टाकतो. हसायचं असेल तर खुशाल हसा.

मी सुरतेत राहतो. कोसाडला, चौथ्या मजल्यावर – लिफ्ट नाही. एम्ब्रॉयडरीच्या एका युनिटमध्ये कॉम्प्युटरवर साडीच्या काठांची डिझाइनं बनवतो. मूळचे आम्ही अमळनेरकडचे. वडील, म्हणजे नाना, लग्नाआधीच इकडे आले आणि बमरोलीच्या एका खात्यात लूम चालवायला लागले. इथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. पस्तीस वर्षं नानांनी ते काम केलं आणि त्यात दोन्ही कान गेले. मशीन मिळालं आहे कानाचं, ते कपाटात असतं. नाना म्हणतात, त्यातून नुसता कचरा ऐकू येतो.

आता माझं वेड. मी सायट्रान्सचे अल्बम जमवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – गोव्याच्या किनाऱ्यावर रंगीबेरंगी कपडे घातलेले लोक डोळे मिटून ज्यावर तासन्‌तास नाचतात, ते संगीत. शब्द नसतात. खाली एक ठोका पळत असतो आणि वर आवाजांचे धागे फिरत, विरत, पुन्हा गुंतत राहतात. वैशाली, माझी बायको, त्याला ‘मिक्सर’ म्हणते. ‘मिक्सर बंद करा, जेवण वाढलंय.’ नाचायला मी जन्मात गेलेलो नाही. मी फक्त ऐकतो. चारशेच्या वर सीडी आहेत, सगळ्या साडीच्या रिकाम्या खोक्यांत, कारण त्या खोक्यात त्या अगदी मापात बसतात.

आणि मी परीक्षणं लिहायचो. इंग्रजीतल्या एका छोट्याशा साइटवर, अकरा वर्षं. फुकट. वाचणारे असतील दोन-तीनशे, पण जगभर पसरलेले आणि एक नंबरचे चिकित्सक. त्यांच्यात माझं थोडं नाव होतं, कारण माझी पद्धत. प्रत्येक अल्बम तीनदा ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. पहिल्यांदा ऐकताना कव्हर उलटं ठेवायचं, प्लेअरच्या आकड्यांवर रुमाल टाकायचा, म्हणजे ट्रॅकचं नाव-गाव काही कळत नाही. हातात स्टॉपवॉच आणि वही. ट्रॅक संपून शांतता आली की घड्याळ पुन्हा शून्यावर. कितव्या मिनिटाला काय आलं ते पेन्सिलीने लिहीत जायचं. न ऐकलेली एक ओळसुद्धा मी अकरा वर्षांत लिहिली नव्हती. याचा मला माज होता म्हणा हवं तर.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, नुकती होऊन गेली होती, खिडकीबाहेरच्या तारांवर फाटके पतंग लटकत होते. रविवार, दुपारचे अडीच. वैशाली खाली तिच्या बहिणीकडे गेलेली. मी फिनलंडच्या एका माणसाचा नवा अल्बम लावला. अल्बमचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

नाना नेहमीप्रमाणे डाव्या स्पीकरजवळ खुर्चीत, माझ्याकडे पाठ करून, तळहात स्पीकरवर ठेवून बसले होते. ही त्यांची जुनी सवय. खात्यात लूमच्या सांगाड्यावर हात ठेवून ते बिघाड ओळखायचे. घरी फ्रिजवर ठेवतील, पाण्याच्या मोटरवर ठेवतील. तो हात कधी स्वस्थ नसायचा. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी दुपारी आडवे झाले की पाच मिनिटांत उठून बसायचे आणि काहीतरी हाताने चाचपत फिरायचे. मला ते बघवत नसे.

एक ट्रॅक झाला, दोन झाले. ऊन हळूहळू फरशीवरून नानांच्या पायापर्यंत सरकलं. तिसरा, चौथा. पाचवा बरा होता, थोडा लांबलेला. मग शांतता. मी घड्याळ शून्यावर आणलं.

आणि सहावा सुरू झाला.

त्याचं वर्णन मी नंतर इंग्रजीत केलं होतं, मराठीत कसं जमेल माहीत नाही. सुरुवातीला ठोकाच नव्हता. फक्त खूप लांबून काहीतरी वाहत येत होतं... पाणी नव्हे, वाराही नव्हे. खोलीतलं ऊनच जरा हलायला लागलं, असं मला वाटलं. दोन मिनिटांनी खालून ठोका आला, इतका मऊ की तो कधी आला ते कळलं नाही, आधीपासूनच होता असं वाटलं. मी लिहीत होतो, हात चालत होता, पण मी कुठेतरी वर तरंगत होतो. चार मिनिटं दहा सेकंदांना सगळं थांबलं. तेवढं लिहून मी डोळे मिटले आणि एक माणूस बोलला. तीन-चार शब्द. जवळून. ऐकू स्वच्छ आलं, पण ते कोणत्या भाषेत होतं हे काही हाती लागलं नाही. मग परत ते वाहणं, आणि हळूहळू काहीच नाही.

डोळे उघडून राहिलेलं वहीत लिहून घेतलं, तेव्हा नानांचा हात स्पीकरवर नव्हता, मांडीवर होता. ते उठले, खाटेवर आडवे झाले आणि झोपले. संध्याकाळचे सहा वाजले तरी झोपलेले. वैशाली आल्यावर घाबरून त्यांच्या नाकाशी हात धरून बघत होती.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा माझा नियम मोडला. अल्बम दुसऱ्यांदा ऐकलाच नाही. वाटलं, परत ऐकला तर ते मोडेल. एका ऐकण्यावर परीक्षण लिहिलं आणि पाठवून दिलं. अर्धं परीक्षण सहाव्या ट्रॅकवरच होतं.

चार दिवसांनी एका जुन्या वाचकाने विचारलं – कुठला सहावा? अल्बममध्ये पाचच आहेत.

मी हसलो. मग सीडी काढली, रुमाल न टाकता लावली. पाच ट्रॅक, एकेचाळीस मिनिटं, आणि डिस्क थांबली. पुन्हा लावली. कॉम्प्युटरवर टाकून बघितली. दुसरा प्लेअर मागून आणला. पाच. माझ्या वहीत मात्र सहाव्याचं अख्खं पान, माझ्याच अक्षरात, मिनिटा-सेकंदांसकट. त्या फिनलंडच्या माणसाला लिहिलं, तर त्याचं प्रेमळ उत्तर आलं – मी पाचच केलेत, पण तुमचं वर्णन वाचून सहावा करावासा वाटतोय. मी नको म्हणून कळवलं.

वैशालीने लगेच निदान केलं. ‘अहो, पेंगला असाल. आणि तो आवाज म्हणजे नानांचे ओठ वाचले असतील. आपल्या घरात सगळ्यांना हीच खोड आहे ना.’

यात तथ्य होतं, म्हणून समजावून सांगतो. खात्यात लूम चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे तिथे सगळे नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ओठ वाचतो. तीच सवय घरी येते. आई होती तेव्हा ती आणि नाना तासभर भांडायचे आणि घरात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. आम्ही पोरंही तशीच झालो. कोणी नुसतं ओठांनी बोललं तरी आम्हाला नंतर ते आवाजासकट आठवतं. एकदा मी शेजाऱ्यांना शपथेवर सांगितलं होतं की आईने मला मोठ्याने हाक मारली, आणि आईने हाक मारलीच नव्हती, ती नुसती खिडकीतून बोलली होती. तेव्हा ही चूक आमच्याच लोकांकडून होऊ शकते, मला मान्य आहे. पण नानांची पाठ माझ्याकडे होती. आणि माझे डोळे मिटलेले होते.

इकडे साइटवर गदारोळ. न ऐकता लिहितो, मनाने ट्रॅक रचतो... संपादकांनी सभ्य भाषेत मुदत दिली. सोमवारपर्यंत माफी मागून परीक्षण मागे घ्या, नाहीतर तुमची सगळी परीक्षणं काढावी लागतील. सरळ होतं, मागे घ्यायचं. माझ्याजवळ पुरावा काय होता? मी माफीचा मजकूर लिहूनही ठेवला.

पण त्या रविवारपासून नाना दुपारी झोपायला लागले होते. हात छातीवर ठेवून, गाढ. फ्रिजवर हात नाही, भिंतीवर हात नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी, पुन्हा रविवारीच, ते खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले, मला हाताने बोलावलं आणि ओठांनीच, आमच्या अहिराणीत म्हणाले, ‘ते गानं परत लाव. भीमरावनं.’

भीमरावचं गाणं? मला कळेना. ‘कोण भीमराव?’

‘मन्हा बदलीवाला.’

बदलीवाला म्हणजे दुसऱ्या पाळीचा माणूस. पाळी बदलताना लूम बंद करत नाहीत. जाणारा चालवत असतो, येणारा बाजूला उभा राहतो आणि त्याने सांगाड्यावर हात ठेवला की जाणारा आपला हात काढतो. वीस वर्षं नानांच्या जागी भीमराव यायचा. चोपड्याकडचा. बाहेर दोघांची कधी भेट नाही, कारण एक कामावर तर दुसरा घरी. एका सकाळी तो आलाच नाही. आजारी पडला आणि गावाला जाऊन वारला, हे नानांना दोन आठवड्यांनी कळलं. त्या सकाळी नाना पुढची अख्खी पाळीही उभे होते. बदलीवाला हात लावत नाही तोवर हात काढायचा नसतो. शेवटी शेठनेच लूम बंद करायला लावली.

हे सगळं मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. मी विचारलं, ‘पण त्याचा आवाज ओळखला कसा?’

नाना म्हणाले, ‘त्याना आवाज मी कधी आयकाच नही. खातामा कोना आवाज आयकाले येस? तो बोलना, मी वळखं.’

मला खोटं बोलता आलं असतं. पाचवा ट्रॅक लावून द्यायचा, त्यांना काय कळणार. पण त्यांना कळलं असतं. ज्या माणसाचा तळहात एका सैल स्क्रूचा आवाज ओळखतो, त्याला फसवणं माझ्याच्याने होणार नव्हतं. भीती एवढीच वाटत होती की खरं सांगितलं तर त्यांची झोप परत जाईल.

‘नाना, ते गानं नही शे. डिस्कमा पाचच शेतस.’

नाना म्हणाले, ‘मंग तू लिखं ते काय शे?’

‘मी आयकं ते लिखं.’

‘वाच.’

मी वही आणली, त्यांच्यासमोर बसलो आणि सहावा ट्रॅक वाचून दाखवला. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, इंग्रजीतलं अहिराणीत करत, आणि स्टॉपवॉच लावून, जिथे जितका वेळ होता तिथे तितका थांबत. नाना माझ्या ओठांकडे बघत होते. मागे तेच ऊन होतं. खाली रस्त्यावर रिक्षा, भाजीवाला, सगळं होतं आणि आमच्यापर्यंत काहीच येत नव्हतं. दोन मिनिटांना मी ठोका आला म्हणून सांगितलं तेव्हा त्यांचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. चार मिनिटं दहा सेकंद. वहीत होतं – माणूस बोलतो, तीन-चार शब्द, कळत नाहीत. मी थांबलो.

नानांनी ते शब्द सांगितले. ‘जाय नाना, आते मी शे.’

जा नाना, आता मी आहे. पाळी बदलताना भीमराव रोज हेच म्हणायचा म्हणे. माझे डोळे भरून आले, लपवलेही नाहीत. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ‘आवाज कसा व्हता?’

नाना जरा हसले. ‘बारीक. माले वाटे, इतला मोठा माणूस, आवाज भी भारी व्हई. पन बारीक व्हता, पोरीसारखा.’

मी वहीकडे पाहिलं. पुढची ओळ मी अजून वाचली नव्हती. घरात कुणाला दाखवली नव्हती, परीक्षणातही घातली नव्हती. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं – आवाज बारीक, आधी बाईचा वाटला.

संध्याकाळी मी संपादकांना कळवलं की परीक्षण मागे घेणार नाही. मंगळवारी साइटवरून माझं सगळं लिखाण गेलं, अकरा वर्षांचं. राग नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी पेंगलो असेन, मला भास झाला असेल, सगळं कबूल. पण मग बहिऱ्या माणसाला आणि मला एकच भास, त्याच वेळी, एकाच बारीक आवाजात कसा झाला, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. शोधतोय. नाना आत झोपलेत.