खारा वारा आणि सरूबाईचा गळा

सरूबाई भाईंदरच्या मिठागरावर आमच्याबरोबर राबायची आणि लग्नसराईत धवलारीण असायची. धवलारीण म्हणजे आगरी लग्नातले विधी गाण्यांनी पार पाडणारी बाई. मीठ पिकवायच्या कोंडीतला, म्हणजे वाफ्यातला, चिखल पायांनी तुडवताना ती सूर धरायची, आमचे पाय ठेक्यात पडायचे. गाण्याच्या नादात तिचा स्वतःचा पाय कधी उथळ पडला नाही.

पण पौष लागला की मिठागरावर खोकला यायचा. तिचा गळा बसायचा, गाणी अर्ध्यावर तुटायची. सगळे म्हणायचे, खारा वारा बाधतो.

अडुसष्टच्या दिवाळीत तिची भाची आनंदी हिचं लग्न माघात ठरलं. आनंदीचा बाप, म्हणजे सरूबाईचा भाऊ महिपत म्हणाला, "आक्का, मिठागर सोड, न्हाय तं मी दुसरी धवलारीण बघतो."

तिला नवरा नव्हता. काम सोडलं तर चूल बंद. ती राबत राहिली, आणि महिपतने दुसरी धवलारीण ठरवली.

त्याच हंगामात फ्लूची साथ आली. शेजारच्या मिठागरावरची दोन माणसं गेली. आमचा मुकादम दाजी घाबरट, म्हणून कडक. डॉक्टरांनी बजावताच त्याने माठावरचा, सगळे ज्याला तोंड लावायचे तो करवंटीचा एकुलता एक डवला फोडला. ज्याने त्याने आपला गडू आणायचा. चिलीम फिरवायची नाही. जेवायला मांडवात दाटी नाही, बांधावर लांब लांब बसायचं. खोकणाऱ्याने घरी थांबायचं.

"दाजी, आमाला वाळीत टाकलंस काय रं?" सरूबाई लांबून ओरडली.

"गप! नि गायचं तं तोंड खाडीकडं करून गा!"

फ्लू ओसरला तरी दाजीची भीती ओसरली नाही. नियम तसेच राहिले. पौष आला. वारा तोच, ओठांवर मीठ आणणारा. खोकला मात्र आलाच नाही! पौष सरला तरी कोणी खाकरेना.

माघ लागला. सरूबाई चिखलात उभी राहून चढ्या सुरात गायली आणि मधेच थांबली.

"धाकू," ती मला म्हणाली, "वारा वाहतोय न्हवं?"

"वाहतोय की."

"आन् माझा गळा?"

"खणखणीत हाय!"

"मंग वाऱ्याला कशाला शिव्या घालत व्हतो, मेल्या? खोकला आपल्या डवल्यात व्हता, चिलमीत व्हता! फ्लूला दार लावलं, तं ह्योबी भाईरच राहिला!"

काम संपताच ती चिखलाच्या पायांनी तशीच महिपतच्या दारात गेली. मीही मागे धावलो. तिने उंबऱ्याबाहेरूनच हळदीचं गाणं उचललं. एक संपलं, दुसरं धरलं. गल्ली गोळा झाली.

"आक्का, पुरं!" महिपत हात जोडून म्हणाला. "त्या दुसऱ्या बाईला मी आजच नको सांगतो."

"आताच जा. मी हितंच गात बसतेय."

तो पायात चपला न घालता निघाला.

लग्नात तिची एक ओळही तुटली नाही. आनंदीला हळद लागली तेव्हा आवाज पार खाडीपर्यंत पोचला असेल. मधेच कोणीतरी सगळ्यांत फिरणारा पाण्याचा तांब्या तिच्यापुढे आणला. तिने तो पुढे सारला, कमरेचा आपला गडू काढला. नवऱ्याकडच्या बायका हसल्या.

"हसा गो," ती म्हणाली. एक घोट घेतला आणि पुढचं गाणं उचललं.