पडवीतला आवाज

विणकरांच्या मुलाखतींच्या फायली आमच्या डिजिटल संग्रहात थेट जात नाहीत. आधी त्या ‘तात्पुरतं’ नावाच्या फोल्डरमध्ये उतरतात. मला ते फोल्डर म्हणजे घराची पडवी वाटते. पाहुणा आत येण्याआधी पडवीत टेकतो, पाणी पितो, तशी फाईल तिथे थांबते. कुणीतरी ती ऐकतं, नाव नीट लावतं आणि मग आत घेतं. आत गेलेल्या फायलीला पुन्हा हात लावायचा नाही, असा नियम आहे.

आज एका म्हाताऱ्या विणकराची, आम्हीच त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्ड केलेली फाईल ऐकत होतो. ते मागाविषयी रंगून बोलताहेत आणि मध्येच स्वयंपाकघरातून त्यांची बायको म्हणते, “अहो, चहा निवतोय. किती बोलाल?”

शेजारी बसलेल्या सुनीताने विचारलं, “एवढं कापून टाकू का? नंतर नाही जमायचं.”

माग समजायला त्या वाक्याचा काही उपयोग नव्हता. पण त्या बाई जन्मभर त्याच मागाशेजारी राहिल्या, आणि आमच्याकडे त्यांचं एवढंच बोलणं होतं.

“राहू दे,” मी म्हटलं.

फाईल आत गेली. तो चहा बाईंनी नंतर पुन्हा गरम करून आम्हा सगळ्यांना दिला होता. तोवर आम्ही रेकॉर्डर बंद केला होता.