नानांनी मला अडवले नाही

मी, त्र्यंबक वाणी, वाणिज्य पदवीधर व धुळ्यातील भाडेकरू, आजचा अनुभव कॉलनीच्या फलकावर आपणांसमोर मांडतो.

माझी जळगावला बदली झाली, शेजारच्या पाटलांची चोपड्याला. कराराची मुदत संपण्यापूर्वी खोल्या सोडण्याची परवानगी आम्ही दोघांनी आज सकाळी घरमालक नानांकडे मागितली.

मला ते म्हणाले, "खुशाल जा."

पाटलांचा मात्र हात धरला. "तू नको जाऊ रे, घर सुनं पडी जाई!"

मला सूट मिळाली, तरी पाटलांचा हेवा वाटला. "नाना, मला का नाही अडवत?"

"भाऊ, तुम्ही कधी आमना घरना चहा बी पिधा नही."

भाडेकरूने मर्यादेत राहावे, म्हणून मी प्रत्येक वेळी नकार दिला होता.

निघण्यापूर्वी मीच चहा मागितला, तर चालेल का?

आपला,
त्र्यंबक वाणी
धुळे, ७ मार्च १९९२