डिश बिघडली म्हणून सांगितलं

सौदीत यान्बूला आमच्या घरी रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर एक बाई बातम्या बघायला यायची. ती आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर, मी मुलांच्या वॉर्डात. मूळची युगोस्लाव्हियाची. त्या देशाचे तोवर फुटून तुकडे झाले होते, पण तिच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, अजून तेच नाव होतं आणि कुणी विचारलं तर ती तेच सांगायची. तिची म्हातारी आई कोसोवोत एकटी. लढाई पेटली आणि घरचा फोन लागेनासा झाला. नर्सेसच्या हॉस्टेलला डिश नव्हती, आमच्या गच्चीवर होती. मीच तिला म्हटलं, ये गं, त्यात काय एवढं.

सोफ्यावर ती कधी बसली नाही. टीव्हीच्या पुढ्यात, कार्पेटवर, काचेला हात लागेल इतकी जवळ. आणि आवाज बंद करायला लावायची. मला आधी नवल वाटलं, मग कळलं. इंग्रजी चॅनलवर विमानं आणि नकाशे, अरबी चॅनलवर बोचकी घेतलेल्या बाया, आणि प्रत्येक जण सांगणार की कोण कुणाला मारतंय, का मारतंय. तिला ते ऐकायचंच नव्हतं. सरहद्दीकडे चालत निघालेल्या माणसांची रांग दाखवली की ती पुढे वाकायची आणि एकेक तोंड बघायची. त्यात आई दिसते का, एवढंच. रांग सरली की चहा प्यायची. तोवर तो गार झालेला असायचा.

आमचे हे कंपनीत स्टोअरकीपर. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांच्या नावाने खडे फोडाल. पण रत्नागिरीकडची खोड कुठे जाणार? आमच्याकडे माणूस दारात आला की पाणी नंतर, आधी गाव, मग आडनाव, मग कुणापैकी. तेवढं कळलं की आम्हाला तो माणूस कळला असं वाटतं. एका संध्याकाळी ह्यांनी तिला विचारलंच. आडनाव काय? तिने सांगितलं. वडील कोण? सर्ब. आणि आई? अल्बेनियन, मुसलमान.

"मग तुम्ही कुणापैकी?"

तिने टीव्हीवरची नजर काढली नाही. "मी आईला शोधतेय, ब्रदर," म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण हेच प्रश्न विचारून लोकांनी आम्हालाही जीव नकोसा केला होता. ह्यांच्या स्टोअरमधले लखनौकडचे, लाहोरकडचे लोक ह्यांना फोनवर मराठी बोलताना ऐकायचे आणि म्हणायचे, मुसलमान असून घरात ही कसली भाषा? हे घरी येऊन तणतणायचे, मी समजूत काढायचे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. आमच्या ह्यांचं जळूनही काही कळलं नाही.

त्यात सौदायझेशनचे दिवस, परदेशी माणूस काढून त्याच्या जागी सौदी नेमायचे. ह्यांच्या टेबलाशेजारी एक नवंकोरं टेबल आणून टाकलं होतं आणि ते कुणाच्या जागेवर येणाऱ्यासाठी, हे अख्ख्या स्टोअरला ठाऊक होतं. एवढ्यातेवढ्यावरून कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, माणसाला घरी पाठवत होता. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. तुमच्याकडे ती सर्ब बाई येते म्हणे? टीव्हीवर ते लोक मुसलमानांचं काय करतायत बघताय ना, आणि तुम्ही तिला चहा पाजताय?

"कफीलच्या कानावर गेलं तर?" हे म्हणाले. "तू तिला सांग, येऊ नको म्हणून."

"मी नाही सांगणार. तिची आई सापडत नाहीये."

"बरं. मग मी बघतो."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. ह्यांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, "सॉरी सिस्टर, डिश बिघडलीय." मी स्वयंपाकघरात, तिच्यासाठी गाळलेला चहा हातात. बाहेर जाऊन तिला आत ओढून आणावं असं शंभरदा वाटलं, पण गेले नाही. पोरांच्या फिया त्याच नोकरीवर होत्या ना. ती "नो प्रॉब्लेम" म्हणून गेली. हे हात झटकून म्हणाले, "चला, विषय खलास."

कसला खलास? पुढच्या संध्याकाळी ती हॉस्पिटलच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन दारात हजर. तो केरळचा, ड्यूटी संपवून आलेला. त्याची किती मनधरणी केली असेल कोण जाणे. तिला बिचारीला वाटलं, आमचीही अडचण झाली असेल. आता नाही कसं म्हणायचं? तो गच्चीवर जाऊन आला, मग टीव्हीच्या मागे वाकला आणि एक वायर वर काढली. नीट वेटोळं करून, रबर लावून ठेवलेली. स्टोअरकीपरचंच काम ते, कसं नीटनेटकं.

"साब, ये तो किसी ने निकाल के रखा है," तो म्हणाला.

सिस्टरला हिंदी येत नव्हती. पण तिने त्या रबराकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत राहिले. त्याने वायर खुपसली. चित्र आलं, बातम्यांचीच वेळ होती.

"छान दुरुस्त केलंस," ती त्याला म्हणाली. "ह्या लोकांची फार गैरसोय होत होती."

तो काही बोलणार, तोवर तिने त्याला दाराकडे खुणावलं. मी म्हटलं, बस ना, चहा टाकते. म्हणाली, नको, ड्यूटी आहे. ड्यूटी नव्हती. थिएटरबाहेरच्या बोर्डावर मीच सकाळी बघितलं होतं. टीव्हीकडे पाठ करून ती जिना उतरली. ह्यांनी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत.

त्यानंतर ती आमच्याकडे कधी आली नाही. हॉस्पिटलात समोर आली की हसायची, मीच नजर चुकवायचे. कुठे बातम्या बघत होती, बघत तरी होती का, अल्ला जाणे.

त्या संध्याकाळी दार लागलं आणि इकडे टीव्हीवर रांग सुरू झाली. मी आवाज बंद केला, कार्पेटवर पुढे सरकून बसले आणि एकेक म्हातारी बघायला लागले. तिची आई दिसायला कशी आहे, हे आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.