बॉनेटवरचा तळवा

डोंबिवलीहून वडिलांना आठवड्यातून तीनदा सकाळीच ठाण्याला डायलिसिसला न्यावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच आमची जुनी डिझेल गाडी सुरू होताना रडायची. ठाण्यातल्याच वागळे इस्टेटमधल्या एका मेकॅनिककडे दोनदा नेली, तर तिथे एका सेल्फमध्ये सुरू! वडिलांचं सांगितल्यावर तो म्हणाला, "मी कल्याणलाच राहतो. सकाळी जाता जाता तुमच्याकडे येऊन बघतो. तोवर किल्लीला हात लावू नका."

सहाला आला. ताप बघावा तसा बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला.

"साहेब, सुरू केलेलीत ना?"

केलेली. त्याच्यासमोर शोभा नको म्हणून मी दहा मिनिटं झटून ती आधीच तापवून ठेवलेली.

"गरम इंजिन खोटं बोलतं," एवढंच म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. गार गाडीला सेल्फ मारला, पांढरा धूर बघितला आणि जळालेले दोन हीटर प्लग बदलले. हात पुसता पुसता त्याने विचारलं, "वडिलांचं एकटेच बघता? जमतं?"

"हो, आता सवय झालीय," मी हसून म्हटलं.

त्याने तोच तळवा माझ्या खांद्यावर ठेवला.

"गरम इंजिन, साहेब."