उजव्या कानाचा अर्ज

कारागृह विभागाच्या नागपुरातल्या एका कार्यालयात मी बरीच वर्षं पत्रव्यवहाराच्या टेबलावर काढली. बंद्यांच्या घरून येणारे अर्ज आणि तक्रारी वाचायच्या, नोंदवायच्या, ज्या शाखेचं काम असेल तिकडे पाठवायच्या आणि घरच्यांना उत्तर कळवायचं, हे माझं काम. तुरुंगाच्या भिंतींच्या आत मी क्वचितच गेले. माझ्याकडे यायचे ते कागद. इथं कुणाचंही नाव लिहिणार नाही. ती सवय अंगात मुरली आहे, आणि ज्या बाईंबद्दल सांगायचं आहे त्यांनाही ते आवडायचं नाही.

त्या पारशिवनीकडच्या एका गावच्या. वय साठीच्या पुढचं. नवरा जन्मठेपेचा बंदी. बांधावर पाण्यावरून भांडण झालं होतं आणि त्यात शेजारच्या शेतातला माणूस मेला होता. ही माहिती फाइलीत होती. मी ती कधी तोलायला गेले नाही. ते काम न्यायालयाचं होतं, आणि ते होऊन गेलं होतं.

बाईंचं पहिलं पत्र उन्हाळ्यात आलं. वहीच्या कागदावर मोठमोठी अक्षरं, पेन इतकं दाबून चालवलेलं की कागदाच्या मागच्या बाजूनंही बोटाला अक्षर लागायचं. सुरुवात अशी होती की माझ्या मालकांची रजा नामंजूर झाली, त्याबद्दल अर्ज. एवढं वाचलं आणि मला पुढचं कळलं, असं मला वाटलं. संचित रजा म्हणजे चांगल्या वागणुकीच्या बंद्याला काही दिवस घरी जायला मिळणारी सुट्टी. ती नाकारल्याचे अर्ज आमच्याकडे ढिगानं यायचे. मी पत्र रजेच्या शाखेत पाठवलं आणि बाईंना ठरलेलं वाक्य टाईप करून कळवलं : आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आला आहे.

दुसरं पत्र आलं. तेही वरच्या चार ओळी वाचून तिकडेच पाठवलं. उत्तर तेच.

तिसऱ्या पाकिटात माझी दोन्ही उत्तरं टाचणी लावून परत आली होती. सोबत बाईंचा कागद. या वेळी त्यांनी सुरुवात वेगळी केली होती, म्हणून मी थांबले.

"साहेब, तुमचे दोन कागद भेटले. दोन्हीत लिहिलं हाये का अर्ज संबंधितांकडे पाठवला. हे संबंधित कोण हायेत, कुठं रायते, ते मले सांगा. मी जाऊन भेटतो त्याईले."

मला हसू आलं. पुढचं वाचलं आणि ते गेलं.

"माहे मालक उर्मट नाई. त्याईले उजव्या कानानं काईच आयकू येत नाई. जवानीत मँगनीजच्या खदानीत सुरुंग उडाला तवापासून. आता डावाही कमी होऊन राहिला. त्याईले लाज वाटते म्हणून थे कोणाले सांगत नाई. हाक मारली आन् ओ दिली नाई, तर साहेब लोकं म्हणते का मुद्दाम करते. मी मुलाखतीले जातो तं काचेच्या मांगून फोनवर बोला लागते. फोन थे उजव्याच कानाले लावते, हात तिकडूनच जाते. मी बोलतो आन् थे हाव हाव म्हणते. चिठ्ठी पाठवली तं वाचता येत नाई, दुसरा कोणी वाचून दाखवते, तेबी आयकू येत नाई. मागच्या खेपेले मी सांगतलं का तुमची मोठी बहीण गेली. थे हासले आन् म्हणले, बरं झालं, बरं झालं. त्या बहिणीनं त्याईले मांडीवर वाढवलं हाये. आयकू आलं असतं तं हासले असते का? तुमीच सांगा."

मी दोन्ही जुनी पत्रं रजेच्या शाखेतून परत मागवली. दोन्हीत हेच होतं, पाचव्या ओळीपासून पुढे. बहिणीचं तेवढं नव्हतं, कारण तेव्हा ती जिवंत होती. मग रजेची फाइल काढली. नामंजुरीच्या पत्रात कारण होतं : वर्तन असमाधानकारक, हाक मारली असता जाणीवपूर्वक प्रतिसाद देत नाही. पत्राच्या खाली टाईप करणाऱ्याची छोटी सही असते. ती माझी होती.

त्या दुपारी मी डबा उघडला नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं गं, बरं नाही का?" मी डोकं दुखतंय म्हणाले. पत्र वाचणं हेच ज्याचं काम, त्यानं पत्र वाचलं नव्हतं.

नियमानं मी पुन्हा कागद पाठवायला हवा होता. त्याऐवजी फोन उचलला. ज्या कारागृहात तो माणूस होता तिथं माझ्यासारखाच एक कारकून होता. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजानं ओळखायचो.

"थो बुढा ना?" तो म्हणाला. "लय अकडू हाये मॅडम. हजेरीले दहादा नाव घेतलं तरी पाहत नाई."

"तुमच्याकडचे लोक त्याला कुठल्या बाजूनं हाक मारतात?"

"म्हणजे?"

"उजवीकडून की डावीकडून?"

तो म्हणाला, "असं कोणी पाहते का मॅडम?"

"उद्या एकदा पाहाल का? माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी दहा वाजायच्या आत त्याचाच फोन आला. घाईघाईत बोलत होता. "मी स्वतः गेलो. थो बगिच्यात निंदण करून राहिला होता. उजवीकडे उभं राहून मोठ्यानं नाव घेतलं, काईच नाई. तसाच फिरून डावीकडे गेलो, कानाजवळ वाकलो न् बोललो. दचकून उठला बिचारा. हात जोडून म्हणते, 'जी साहेब, मले बोलावलं का?'" मग आवाज उतरला. "मॅडम, आमी त्याले दोनदा शिक्षेवर घेतलं हो."

मी त्याला काय बोलणार होते?

आमच्या शाखेचे साहेब निवृत्तीला आलेले होते. कमी बोलायचे, आणि चहा बशीत ओतून प्यायचे. मी तिन्ही पत्रं आणि फाइल त्यांच्यापुढे ठेवली आणि माझी चूकही सांगितली. त्यांनी पत्रं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, तिन्ही. चहा गार झाला.

"या बाई शिकलेल्या किती?" त्यांनी विचारलं.

"चौथी असेल सर."

"आपल्यापेक्षा नीट लिहितात," एवढंच म्हणाले. मग त्यांनी स्वतः टिपणी लिहिली : कानाची तपासणी तातडीनं व्हावी, आणि रजेचा अर्ज त्या अहवालासह पुन्हा सादर व्हावा. बाईंना जायच्या उत्तरात मी सवयीनं 'संबंधितांकडे' लिहिलं होतं. त्यांनी तो शब्द खोडून तिथं आमच्या शाखेचं नाव आणि माझ्या टेबलाचा क्रमांक घातला.

सगळं लगेच झालं असं नाही. सरकारी दवाखान्यात न्यायला पहारा लागतो, पहारा मिळाला तर तपासणीची तारीख नसते. जेलमधला कारकून मला दर आठवड्याला आपणहून फोन करायचा. पावसाळा संपता संपता तपासणी झाली. उजवा कान पूर्ण गेलेला, डावा अर्ध्याहून जास्त. डाव्या कानाला यंत्र मिळालं, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

त्यानंतर बाईंचं जे पत्र आलं ते मी जागेवर बसून वाचू शकले नाही. खिडकीपाशी गेले.

"बाई," त्यांनी लिहिलं होतं. साहेब म्हणणं आता सुटलं होतं, बहुतेक मुलाखतीच्या वेळी जेलमधल्या कारकुनानं त्यांना सांगितलं असावं की टेबलावर एक बाई आहे. "मी काल मुलाखतीले गेलतो. त्याईनं फोन डाव्या कानाले लावला. मी म्हटलं, जेवले का? तं एकदम माह्याकडे पाहतच राहिले. म्हणले, तुह्या आवाजाले काय झालं वं? इतका घोगरा काहून झाला? मी म्हटलं, तुमच्यावर वरडू वरडू झाला. मंग आमी दोघंबी काचेच्या इकडून तिकडून हासलो. टाइम होऊन गेला, काईच बोलणं झालं नाई."

त्याखाली एक ओळ सोडून पुढचं होतं.

"आता एक इचारतो. बहीण गेल्याचं त्याईले अजून मालूम नाई. आता आयकू येते तं सांगाच लागीन. फोनवर सांगू का रजेवर येईन तवा घरी सांगू? काचेच्या मांगं रडले तं मी त्याईले हात कसा लावू? तुमी रोज लोकाईचे अर्ज वाचता, तुमाले समजत असन. कसं करू ते कळवावं."

या अर्जाला कुठली शाखा नव्हती. मी तो दोन दिवस खणात ठेवला. घरी, महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत, नवऱ्याला वाचून दाखवावा असं वाटलं, पण कार्यालयाचा कागद घरी न्यायचा नसतो. तिसऱ्या दिवशी साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी वाचला, चष्मा काढला. "हे आपल्या कक्षेत येत नाही."

"हो सर."

"रजेचं कुठवर आलं?"

"पोलिसांचा अहवाल आला की होईल. गावात राहणार नाहीत. बाईंच्या भावाकडे, कुहीला राहायचं असं लिहून दिलंय."

"मग तेवढंच कळवा," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "मला वाटतं, माणूस जवळ असताना सांगावं. पण ते लिहू नका. तुम्ही लिहा तुमच्या पद्धतीनं."

मी लिहिलं. रजेचा निर्णय लवकरच अपेक्षित आहे, असं आधी. मग, "तोपर्यंत घरगुती बाबी प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवल्यास सोयीचे होईल." असं वाक्य कुठल्याही शासकीय पत्रात मी पूर्वी लिहिलं नव्हतं, नंतरही नाही. साहेबांनी काही न बोलता सही केली.

रजा मंजूर झाली, तीन आठवड्यांची. मंजुरीच्या पत्राखालची टाईप करणाऱ्याची छोटी सही मी त्या दिवशी जरा मोठी केली.

रजा संपून नवऱ्याला परत पोहोचवल्यावर बाई गावी जायच्या आधी आमच्या कार्यालयात आल्या. शिपायानं येऊन सांगितलं, "मॅडम, कोणी बुढीबाई तुमच्या टेबलाचा नंबर इचारून राहिली." व्हरांड्यातल्या बाकावर त्या बसल्या होत्या. सडपातळ, हातात कापडी पिशवी, पायात प्लास्टिकच्या चपला. आवाज खरोखरच घोगरा होता.

"तुमीच का वं त्या?" म्हणाल्या. "मले वाटलं, मोठ्या वयाच्या असान."

मी शेजारी बसले. "मावशी, मी तुमची पहिली दोन पत्रं नीट वाचली नव्हती. वाचली असती तर एवढा वेळ गेला नसता." हे मला त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, आणि जाऊ दे असंही म्हणाल्या नाहीत. "तिसरी चिठ्ठी वाचली ना," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "म्हणूनच टाचणी लावली."

मी विचारलं, "त्यांना सांगितलंत?"

"हाव. भावाच्या घरी, आंगणात. हात हातात घेऊन सांगतलं. तं रडले नाई. आधी इचारलं, 'तू मले हे कवा सांगतलं होतं?' मी म्हटलं, मागं एकदा. म्हणले, 'मंग मी काय बोललो?'" त्या पिशवीचा बंद बोटांना गुंडाळत राहिल्या. "मी लपवणार होतो. पण त्याईनं माह्या तोंडाकडं पाहून वळखलं. म्हणले, 'मी बरं झालं म्हणलो का वं?' आन् मंग जे रडले बाई. बहिणीसाठी नाई, त्या शब्दासाठी."

दुसऱ्या दिवशी ते दोघं बहिणीच्या सासरी गेले होते. कुहीपासून जवळच. भाच्यानं दार उघडलं, आत घेतलं. बाईंचे मालक दिवसभर बहिणीच्या खाटेच्या पायाशी बसून राहिले. भाच्याची बायको काहीबाही बोलायची, ते सगळं ऐकायचे, बहीण शेवटी काय खायची, काय मागायची. संध्याकाळी परत निघताना म्हणाले, आता मी आयकलं.

"गावात नाही गेलात?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "तिथं थे दुसरी बाई रायते ना. जिचा माणूस गेला. तिच्या दारावरून याईले कसं नेऊ? मी एकटी असली तरी फिरूनच जातो." हे त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, रस्ता सांगावा तसं.

मग पिशवीतून उकडलेले शिंगाडे काढले. आम्हाला कुणाकडून काही घेता येत नाही, हे मी सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घेऊ नका. मी खातो, तुमीबी खा." आम्ही दोघींनी बाकावर बसून शिंगाडे सोलून खाल्ले. काळी सालं त्यांनी पुन्हा पिशवीतच भरली, व्हरांड्यात घाण नको म्हणून.

पुढे वर्षभरानं माझी बदली दुसऱ्या टेबलावर झाली. साहेब त्याआधीच निवृत्त झाले होते. बाईंचे अर्ज तरी माझ्याच नावानं यायचे. यंत्राचे सेल संपले, नवीन मिळावेत, असे. मी ते नव्या मुलीकडे नेऊन द्यायचे आणि ती वाचेपर्यंत तिथंच उभी राहायचे. तिला ते आवडत नसावं.

मागच्या महिन्यातही एक आला. त्यात मागणी काहीच नव्हती. "बाई, आता त्याईले समदं आयकू येते, तं म्हणते का बराकीत लय कल्ला होते, डोकं दुखते. मशीन काढून डब्बीत ठेवते. मी म्हटलं, दुनियेसाठी काढा, पण माह्या टायमाले तं लावत जा. तं म्हणते, तुह्यासाठीच तं सेल वाचवून राहिलो."